काल रात्री पोटभर जेवले

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू नेहमीसारखं विचारलंस, "जेवलीस का?" आणि मी "हो" म्हणाले. खरं तर तेव्हा लॅपटॉपसमोर बसून नुसती बिस्किटं खाल्ली होती. काल मात्र पोटभर जेवले, तेही एक पैसा खर्च न करता. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मैत्रिणीने काढलेल्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन होतं. उद्घाटनानंतर आलेल्या सगळ्यांसाठी खाणं होतं. आम्ही चौघी कामावरून थेट गेलेलो, दुपारपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. तरी आधी फोटो बघितले, एकेकापाशी थांबून. दोन वर्षं खपली आहे ती त्यासाठी. मग टेबलाकडे वळलो. बाबा, तुम्ही शिकवलं होतं ना, आधी सगळं फिरून बघायचं, मगच ताटलीत घ्यायचं आणि घेतलेलं टाकायचं नाही? मी तसंच केलं, बाकीच्यांनाही करायला लावलं.

चौघींनी वेगवेगळे पदार्थ आणले आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडून वाटून घेतले. चीज, फळं, केक सगळंच छान होतं, पण ते छोटे पफ! पापुद्रा इतका हलका की चावल्याबरोबर ओठांना चिकटला, थोडा बाहीवर सांडला. आतलं सारण असं चटका देणारं की डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडातलं सोडवेना. शेवटी एकच उरला आणि कुणीच उचलेना. मग एकीने कागदी ताटलीतच प्लास्टिकच्या सुरीने त्याचे चार भाग केले. माझ्या वाट्याला अंगठ्याच्या नखाएवढा आला. त्याची चव अजून जिभेवर आहे.

काळजी करू नका, जपून खाल्लं. मागे एका पार्टीत बराच वेळ उघड्यावर असलेलं क्रीमचं काहीतरी खाल्लं आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले होते. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, माफ करा. आता गरम पदार्थ गरम आणि गार पदार्थ गार असेल तरच घेते. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तुम्हीही रात्रीची भाजी ओट्यावर ठेवून झोपू नका.

निघताना वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आई, तुझाच प्रश्न, तुझ्याच सुरात. तो म्हणाला, "अजून नाही, गर्दी कमी झाली की जेवू." मग आम्ही रेंगाळलो नाही, रिकाम्या ताटल्या गोळा करून दिल्या आणि बाहेर पडलो. बाहेर कितीतरी वेळ गप्पा मारत चाललो.

आता मुद्द्याचं. बाबांना मधुमेह झाल्यापासून तुम्ही आमंत्रणं टाळता, हे मला कळतं. "तिथे जाऊन खायचं काय?" असं म्हणता आणि दोघंच साडेसातला टीव्हीसमोर दोन घास खाऊन उठता. आई, तुझं जेवण किती कमी झालंय! जॉन द कॅस्ट्रो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांकडून आठवडाभर खाण्याच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या. १९८९ साली छापलेल्या त्या अभ्यासात, एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा इतरांसोबत घेतलेलं जेवण सरासरी ४४ टक्के मोठं निघालं. बाबांनी अर्थातच बेतानेच खायचं, पण आई, तुला चार माणसांत बसायला हवं.

शेजारच्या काकूंनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय ना? जा. बाबा, गोळ्यांची वेळ सांभाळा, आणि गोड आईच्या ताटलीतला एक घास, बस. घरी आलात की कितीही वाजले तरी फोन करा. काय काय होतं, कोण कोण भेटलं, सगळं मला ऐकायचंय.

तुमची,
लेक