लेक लाडकीचे फॉर्म भरायचे राहिलेत त्यांच्यासाठी

ताईंनो, मागच्या मीटिंगला बोललो तेच परत टाकतेय कारण अर्ध्याजणी आल्याच नव्हत्या. 1 एप्रिल 2023 ला किंवा त्यानंतर मुलगी झालीय, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी आहे आणि वर्षाचं उत्पन्न 1 लाखाच्या आत आहे त्यांनी लेक लाडकीचा, म्हणजे मुलीला टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा, फॉर्म आपल्या अंगणवाडी सेविकेकडेच भरायचा, कुणा एजंटला पैसे द्यायचे नाहीत.

जन्मल्यावर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि 18 पूर्ण झाल्यावर 75000, असे सगळे मिळून 1 लाख 1 हजार. शेवटच्या हप्त्याला पोरगी बिनलग्नाची पाहिजे हे घरच्या मोठ्यांनापण आत्ताच सांगून ठेवा 😄

मुलीचा जन्मदाखला, आईबापाचं आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो. दाखल्यालाच वेळ जातो, माझ्या जावेचा नावातल्या एका वेलांटीवरून परत आला आणि दोन चकरा झाल्या, म्हणून आधार आणि रेशनकार्डावरचं नाव सारखं आहे का ते आधी बघा. दुसऱ्या मुलीसाठी भरताय तर कुटुंब नियोजनाचं सर्टिफिकेटपण लागतं.

आणि ज्यांच्या घरी बाप किंवा आई नाही अशा 18 च्या आतल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना वेगळी आहे, महिन्याला 2250 मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. कुणाला ग्रुपवर बोलायला अवघड वाटत असेल तर मला पर्सनलवर टाका, मी सोबत येते.