‘मायना आवाज उतरी राह्यना’: दुकानातल्या भावाला पत्र

प्रिय भाऊ,

“मावशी, माझं नाव कुठे टाकू नका,” असं तू त्या दिवशी शटर ओढता ओढता म्हणालास, म्हणून नाव टाकत नाही. पण लिहू नका असं काही म्हणाला नव्हतास. माय जाऊन सहा महिने झाले. तू नेटवरून उतरवून दिलेली तिची गाणी घरात आली तरी एवढे दिवस लावायची छाती होत नव्हती. काल रात्री लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मी रडले, पण गाणं कुठे तुटलं नाही. सकाळी चहा व्हायच्या आधीच हे लिहायला बसले आहे.

माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. पण आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी तिच्याइतकी बोरी नदीकाठच्या चार गावांत कुणाला पाठ नव्हती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की माय रात्रभर गायची, आणि सोमवारी सकाळी नदीवर जाताना तिचा आवाज बसलेला असायचा. चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीची मैत्रीण अहिराणी गाण्यांच्या अभ्यासासाठी आली होती. चांगला कॅमेरा आणि वेगळा माईक लावून तिनं दोन रात्री सगळं टिपून घेतलं. ११ फाइली, मिळून ३१ जीबी. पुढे ती परदेशात गेली. फाइली तिनं भाड्याच्या ऑनलाइन जागेत ठेवल्या होत्या. वैशाखात तिचा निरोप आला, सोबत लिंक: ‘मावशी, महिनाअखेर ही जागा सोडतेय, त्याआधी उतरवून घ्या.’

तिचं काही चुकलं नाही. तिनं आठवणीनं कळवलं, एवढं कोण करतं? माझ्या हातात अठरा दिवस होते.

आधी मोबाइलवरच बघितलं. रोजचे २ जीबी मिळतात तो पॅक. पहिली फाईल दुपारपर्यंत आली. दुसरी अर्ध्यात असताना ‘आजचा डेटा संपला’ असा मेसेज आला आणि पुढे ती रेघ हलेचना. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो हे तू मला नंतर सांगितलंस. कागदावर हिशोबही करून दाखवलास, त्या वेगानं एका जीबीला ३५ तास लागतात. मी मात्र तेव्हा फोन गच्चीवर नेत होते, तुळशीजवळ ठेवत होते. दुसऱ्या दिवशी डेटा आला तेव्हा ती फाईल पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

मग पुण्यात आयटीत असलेल्या नात्यातल्या एका मुलाला फोन लावला. “काकू, एकदम सोपं आहे. लिंकवर क्लिक करायचं, बस.” सोपं आहे म्हणणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायची सोय राहत नाही. तरी विचारला. मग तो मीटिंगमध्ये गेला, आणि महिनाभर मीटिंगमध्येच राहिला.

त्यानंतर गेले त्या दुसऱ्या दुकानात. कुठलं ते सांगत नाही, तू ओळखलंच असशील. मी लिंक दाखवायला फोन पुढे केला तर त्यांनी तो हातातून ओढूनच घेतला, “द्या इकडे, तुम्हाला नाही कळायचं.” मी बाजूला उभी. ३०० रुपये घेतले, संध्याकाळी पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, “झालं.” घरी टीव्हीला लावला. नावं सगळी ११ दिसत होती. पण तिसऱ्या गाण्यात माय ओळीच्या मधोमध थांबली. पाचव्यातही, आठव्यातही. आणि ५.२ जीबीची जी सगळ्यात मोठी फाईल होती, तिच्या जागी एक लहानशी करून टाकलेली होती. तिच्यात मायचा चेहरा पाणी सांडलेल्या चित्रासारखा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. परत गेले तर म्हणाले, “तुमच्या लिंकमध्येच प्रॉब्लेम आहे.”

भाऊ, ३०० रुपयांचं मला काही वाटलं नाही. पण दोन्ही वेळा मिळून त्या माणसानं एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तुझ्या दुकानात मी या कामासाठी आलेच नव्हते. वारस नोंदीसाठी मायच्या मृत्यू दाखल्याच्या झेरॉक्स हव्या होत्या. पाच दिवस उरले होते आणि मी आशा सोडली होती. तू कागद काचेवर ठेवताना तारीख वाचलीस. काही बोलला नाहीस. प्रती नीट एकसारख्या करून, टाचणी लावून हातात दिल्यास आणि विचारलंस, “मावशी, अजून काही काम आहे का?” फॉर्म भरायला आलेली पोरं मागे रांगेत उभी होती, तरी विचारलंस. मी फोन पुढे केला. तू तो घेतला नाहीस. स्टूल ओढून दिलंस आणि म्हणालास, “तुमच्याच हातात राहू द्या, मला नुसतं दाखवा.”

मी ३२ वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली. वजन कमी भरलं की तो आकडा आईला कसा सांगायचा, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. चार बायांसमोर मोठ्यानं सांगितला तर ती बाई पुढच्या महिन्यात येत नाही. जवळ बसवून, पोराच्या गालाला हात लावून सांगितला तर येते. तू मला ३१ जीबी म्हणजे किती, ते त्या दुसऱ्या रीतीनं सांगितलंस. “जास्त आहे मावशी, पण होणारंय. एका रात्रीचं काम आहे.”

मग तू जे सांगितलंस ते मला अजून पाठ आहे. माझ्यासारख्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून तेही लिहिते. तुझ्या दुकानाची लाईन ४० एमबीपीएसची. ते ४० म्हणजे बिट, आणि फाईल मोजायची ती बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४० ला आठानं भागायचं. सेकंदाला फार तर ५ एमबी. त्या हिशोबानं पावणेदोन तासांत व्हायला पाहिजे. पण लाईन सगळ्या गल्लीची, समोरूनही किती वेगानं येतं ते आपल्या हातात नाही. तू एक फाईल लावून बघितलीस, सेकंदाला १ एमबीच येत होता. “म्हणजे साडेआठ तास. रात्री लावू, दुकानात दुसरं काही चालू नसतं.”

दुसरी गोष्ट, सगळं फोल्डर एकदम ओढायचं नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचं एक गाठोडं बांधून देतात, आणि ते मधेच सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. एकेक फाईल घेतली तर बिघडलं तरी एकीचंच बिघडतं. आणि अर्ध्यात थांबलेली फाईल जिथे थांबली तिथून पुढे घेता येते, समोरच्या कॉम्प्युटरनं तशी सोय ठेवली असेल तर. मी म्हटलं, “म्हणजे रात्री गाणं मधे सुटलं की दुसरी बाई तेच कडवं धरते, तसं.” तू हसलास आणि म्हणालास, “बरोब्बर तसंच मावशी.” क्रोममध्ये अर्धवट फाइलीच्या नावाला ‘सीआरडाउनलोड’ असं शेपूट असतं, ते आहे तोवर पूर्ण समजायचं नाही, हेही तूच दाखवलंस. आणि त्या दुकानातून तुटकी गाणी का आली असतील तेही: कॉपी पुरी व्हायच्या आत, ‘इजेक्ट’ न करता पेनड्राइव्ह घाईनं ओढला की नाव दिसतं आणि आत पोकळ. तू त्यांना एक शब्द वाईट बोलला नाहीस. “गर्दी असेल त्यांच्याकडे,” एवढंच. मी तुझ्याइतकी मोठ्या मनाची नाही.

फाईल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायची रीत १९७१ साली कागदावर मांडणारा माणूस आपला भारतीय, अभय भूषण, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या बॅचचा, हेही तुझ्याकडूनच कळलं. आपल्या कामाचा मूळपुरुष कोण हे ज्याला ठाऊक आहे तो काम टाकाऊपणे करणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

साडेआठची शेवटची गाडी गाठायची म्हणून मी उठले. पहिली फाईल सुरू होती. कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत ना, ते तू वायर हातात धरून बघितलंस. कॉम्प्युटर आपोआप झोपतो ते सेटिंग बंद केलंस. तेवढ्यानं काम भागलं होतं. मी पायरी उतरले, पिशवी राहिली म्हणून परत वळले. तू मला पाहिलं नाहीस. एका रद्द फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाल स्केचपेननं काहीतरी लिहीत होतास, जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरासारखा. मग सेलोटेप दातांनी तोडून तो कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवलास. सकाळी तुझा धाकटा भाऊ झाडायला येतो आणि सवयीनं बोर्डाचं बटण बंद करतो, त्याच्यासाठी.

मला वाटलं, लिहिलं असेल ‘डाउनलोड चालू आहे’. तेवढं पुरेसं होतं. त्याला कळलं असतं.

तू लिहिलं होतंस: ‘बंद करू नका. मायना आवाज उतरी राह्यना.’ आईचा आवाज उतरतो आहे.

मी पिशवी न घेताच गाडीकडे गेले. गाडीत खिडकीशी बसून पदर तोंडाला लावला, शेजारच्या बाईनं विचारलं तरी बोलता येईना. एवढ्या दिवसांत सगळ्यांनी त्याला फाईल म्हटलं होतं. लिंक म्हटलं होतं, डेटा म्हटलं होतं, त्या दुकानात तर ‘तुमचा माल’ म्हटलं. मीसुद्धा जीबी जीबी करत फिरत होते. ती माझी माय आहे हे तू लिहिलंस, आणि तेही तिच्या बोलीत. मला दाखवायला नाही लिहिलंस. मी वळले नसते तर मला कळलंही नसतं.

सकाळी पहिल्या गाडीनं आले. रात्री दोनला लाईट गेली होती, इन्व्हर्टरनं धरलं. दहा उतरल्या होत्या, अकरावी चालू होती. मग तू घाई केली नाहीस. एकेका फाइलीचा आकार तिकडे किती बाइट आणि इकडे किती, हे मला वाचायला लावलंस, मी बोट ठेवून वाचलं, तू बरोबरची खूण केलीस. ते झाल्यावर म्हणालास, “आकडा जुळला तरी शेवट ऐकायचा.” हेडफोन माझ्या कानाला लावलास आणि चालू असलेलं झेरॉक्स मशीन बंद केलंस. सगळ्यात मोठ्या फाइलीचा शेवटचा मिनिट. गाणं संपतं, बांगड्या वाजतात, आणि माय बायांना म्हणते, “झोपा व आते, सकाय उठनं शे.” हे मी याआधी कधी ऐकलंच नव्हतं. त्या तुटक्या पेनड्राइव्हमध्ये ते नव्हतं. तू पाठ करून शटरकडे तोंड करून उभा राहिलास, बराच वेळ.

पुढचं भराभर झालं. ६४ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, दोन्ही ‘एक्सफॅट’ पद्धतीचे करून, कारण जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. मोठी फाईल लहान का केली गेली, ते कोडं तिथे सुटलं. सुरतला उधन्यात माझा भाऊ असतो, त्याला नेटवरून पाठवू का म्हटलं तर तू म्हणालास, चढवायला उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, त्यापेक्षा अमळनेरहून सुरतच्या गाडीनं कुणी जाणारं असेल तर त्याच्या खिशात द्या, संध्याकाळी पोचेल. तसंच केलं, पोचला. मावश्यांसाठी एकच गाणं व्हॉट्सॲपवर पाठवलं, तेही तू सांगितल्याप्रमाणे ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर ते दाबून लहान करतं. आणि एक प्रत तुझ्या दुकानात ठेवून घेतलीस, “एक प्रत घराबाहेर पाहिजे मावशी, आग-पाणी कुणाला सांगून येत नाही.”

पेनड्राइव्हचे तेवढे पैसे घेतलेस. रात्रभराचं काय म्हटलं तर म्हणालास, “ते कानबाईले.”

भाऊ, काम येणारी माणसं पुष्कळ आहेत. समोरच्याचं काय हरवलंय ते बघून काम करणारं माणूस भेटलं की वाटतं, याच्या आईनं याला काय खाऊ घातलं असेल. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तो लाल अक्षरांचा कागद मी तुझ्याकडून मागून आणला होता. देवघरात मायच्या फोटोमागे ठेवला आहे. टेप निघाली म्हणून कोपरा जरा फाटलाय.

श्रावणात कानबाई बसेल. रोटांचा प्रसाद आमच्यात भाऊबंदकीतच खातात, त्याला माझा इलाज नाही, पण रविवारी रात्री गाण्याला ये. ज्या कडव्याला आम्ही बाया अडखळू तिथे मायचं लावणार आहोत. येताना धाकट्या भावालाही घेऊन ये. त्या दिवशी सकाळी त्यानं बटण बंद केलं नाही.

तुझी,
बोरीकाठची मावशी