फ्रीजरमधल्या पाकिटांविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. गेल्या आठवड्यात रत्नागिरीला आले तेव्हा फ्रीजरमध्ये चिकन सॉसेज आणि सलामीची मिळून पाच पाकिटे दिसली. त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण पहिले पाकीट या घरात मीच आणले होते. शस्त्रक्रियेआधी मोतीबिंदूमुळे आईला मासळीतले काटे दिसत नव्हते, बाबांची कवळी नवी होती, म्हणून चार दिवसांची सोय करून मी पुण्याला परतले. ती सोय आता रोजची न्याहारी झाली आहे, आणि फोनवर बाबा मला एक वाक्य धड पुरे करू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी मिठाचे सांगते, कारण ते आजच्या रक्तदाबाशी निगडित आहे. आई, बाबांसाठी तू लोणचे, पापड आणि सुके बोंबील घरातून हद्दपार केलेस, आणि तेच मीठ दुसऱ्या दाराने आत आले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खायला सांगते. पाकिटावर मीठ किती ते बहुधा लिहिलेले नसते, सोडियम किती ते लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर तेवढ्या सॉसेजमधून २ ग्रॅम मीठ पोटात गेले. बाबा, भिंग घेऊन आपल्या पाकिटांवरचे आकडे तुम्हीच पाहा. बँकेत इतकी वर्षे याहून बारीक अक्षरे तुम्ही वाचली आहेत.

त्याच बारीक अक्षरांत बहुधा २५० हा क्रमांकही सापडेल. तो सोडियम नायट्राइटचा. शिजल्यावरही सॉसेज गुलाबी राहते ते त्याच्यामुळे, आणि बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेचे जंतूही त्यामुळेच वाढत नाहीत. (बाबा, तुम्हाला शब्दांची आवड म्हणून सांगते, लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेजच.) तेव्हा ते घालण्यामागे कारण आहे, हे मी नाकारत नाही. मात्र नायट्राइटपासून पोटात, तसेच कडक आचेवर तळताना, नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांतील काही कर्करोगाला कारणीभूत ठरतात. आईला सॉसेज काळपट होईपर्यंत परतायची सवय आहे, ती मला म्हणूनच खटकते.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या, फ्रान्समधील ल्योन येथे असलेल्या कर्करोग संशोधन संस्थेने, खारवलेले, धुरावलेले किंवा असे रसायन घालून टिकवलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष काढून ते पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. "म्हणजे सॉसेज खाणे आणि सिगारेट ओढणे सारखेच का?" असे बाबा विचारणार, हे मला ठाऊक आहे. सारखे नाही. पुरावा किती पक्का आहे एवढेच तो गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे समजा, शंभरांत पाच जणांना हा आजार होणार असेल, तर तो साधारण सहा जणांना होईल. हा आकडा घाबरून जाण्याजोगा नाही, पण पन्नास ग्रॅम म्हणजे जेमतेम एखादे मोठे सॉसेज, आणि आपल्याकडे ते रोज होते.

आपले तर चिकनचे आहे, हा आईचा मुद्दा अर्धा खरा आहे. अभ्यासांतील बहुतेक मांस डुकराचे आणि गाईबैलांचे होते, आणि लाल मांसातले लोहयुक्त द्रव्य कोंबडीत पुष्कळ कमी असते. पण टिकवण्यासाठी घातलेले मीठ आणि नायट्राइट कोंबडी आहे म्हणून कमी होत नाहीत. शिवाय सलामी तुम्ही न शिजवता पावात घालता. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि पासष्टीपुढच्या माणसांना त्याचा त्रास अधिक होतो.

मऊ, बिनकाट्याचे आणि झटपट होणारे काही हवे, ही तुमची गरज खरीच आहे. अंड्याची बुर्जी आहे, मुगाचे धिरडे आहे, सोललेली कोळंबी आहे. कोंबडीवाल्याकडून डोळ्यांदेखत खिमा करून घेतला, तर त्यात आले, लसूण, कोथिंबीर घालून आई ज्या टिक्क्या करते त्या कवळीनेही सहज चावता येतात, आणि मीठ किती घालायचे ते तिच्याच हाती राहते. बाबांच्या औषधांत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही फेरफार करू नका.

उरलेली पाकिटे टाकून द्या असे मी म्हणत नाही. आईच्याने ते होणारही नाही. एखाद्या रविवारी, मंद आचेवर, एक-एक संपवा. नवीन मात्र आणू नका, आणि मी आणू लागले तर मलाही दारातूनच परत पाठवा.

तुमची,
धाकटी