एम. ए. अर्थशास्त्राआधी गणिताचा वर्ग हवा

महोदय,

कला शाखेत दहावीनंतर गणित सोडून देता येते आणि तरीही अर्थशास्त्र घेऊन बी. ए. होता येते. मी तेच केले, मराठी माध्यमातून. सीमांत उपयोगिता, मागणीची लवचीकता सारे तोंडपाठ होते. सरकारी विद्यापीठात एम. ए.ला आले आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लग्रांजचा गुणक (ठरलेल्या मर्यादेत कमाल-किमान काढायची गणिती रीत) अवतरला, तोही इंग्रजीतून. त्यासाठी लागणारे आंशिक विकलन म्हणजे काय, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मलाही नाही. पुढे अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीने आर्थिक सिद्धांत तपासायच्या विषयात, मॅट्रिक्स (संख्यांच्या ओळी-स्तंभांच्या मांडण्या) आल्या, तेव्हा वर्गातल्या दोघी गावी परतल्या.

अभ्यासक्रम सोपा करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. गणिताशिवाय आजचे अर्थशास्त्र वाचताच येत नाही. पण इथली फी परवडते म्हणूनच आमच्यासारखे इथवर पोचतात. मग पहिल्या सत्राआधी तीन-चार आठवडे गणित आणि संख्याशास्त्राचा वर्ग का नसावा? समजावणे मराठीत, शेजारी इंग्रजी संज्ञा. मुंबई विद्यापीठात १९२१ पासून आणि पुण्याच्या गोखले संस्थेत १९३० पासून अर्थशास्त्राचे काम चालू असलेल्या राज्याला एवढे जड जाऊ नये.

तूर्त आम्ही बारावीची जुनी गणिताची पुस्तके रद्दीतून आणली आहेत. रात्री मेस रिकामी झाली की एक बी. एस्सी.वाला वर्गमित्र शिकवतो. त्याची फी एक कटिंग चहा.

– एक विद्यार्थिनी, एम. ए. (अर्थशास्त्र)