'ठिकरी'चा दुसरा अर्थ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'ठिकरी' हा शब्द अलीकडे छापून येतो तो बहुधा 'ठिकऱ्या उडाल्या' या वाक्प्रचारातच, आणि त्यामुळे फुटून विखुरलेला तुकडा एवढाच त्याचा अर्थ आहे असा नव्या वाचकांचा समज होत चालला आहे. अंगणात घरे आखून लंगडी घालत वाढलेल्या आमच्या पिढीला त्याचा दुसरा अर्थ ठाऊक आहे.

मुळात ठिकरी म्हणजे भाजलेल्या मातीच्या भांड्याचा किंवा कौलाचा तुकडा. हिंदीत ठीकरा, गुजरातीत ठीकरुं आणि पंजाबीत ठीकरी ही त्याचीच भावंडे. पंजाबातील गावकरी आळीपाळीने रात्रीची जी गस्त घालतात, तिला 'ठीकरी पहरा' म्हणतात.

परंतु खेळणाऱ्या मुलीच्या लेखी कोणताही तुकडा ठिकरी ठरत नसे. माठाच्या खापराला बाक असतो, त्यामुळे ते जमिनीवर डुगडुगते. नळीच्या कौलाचेही तेच. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर जी चपटी कौले पुढे कोकणातील घरांवर चढली, त्यांचा तुकडा आम्हांला सर्वांत प्रिय होता, कारण तो फेकल्यावर उसळत नसे आणि लंगडी घालताना पायाने सारला की सरळ पुढच्या घरात जाई. पायरीच्या दगडावर कडा घासून तो गोल करण्यात आम्ही अख्खी दुपार घालवत असू, आणि अशी जमलेली ठिकरी कोनाड्यात जपून ठेवत असू. पुढे कौलांच्या जागी स्लॅब आले, मुली फरशीचा, संगमरवराचा तुकडा घेऊन खेळू लागल्या, तरी त्यालाही त्या ठिकरीच म्हणत. याचा अर्थ असा की, मातीशी जोडलेला हा शब्द खेळताना मातीपासून सुटला आणि 'खेळायची चपटी चकती' हा स्वतंत्र अर्थ त्याला मिळाला. 'ठिकरी खेळू या' असे म्हणताना तर तो खेळाचेच नाव झाला. शब्दांची अर्थवाढ शिकवताना याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही.

घाटावर माझ्या सासरी हाच खेळ 'जिबली' या नावाने खेळला जाई. आपल्या वृत्तपत्राने थोडी जागा देऊन या चकतीची जिल्ह्याजिल्ह्यांतील नावे आणि ती कशापासून घडवत याची माहिती वाचकांकडून मागवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती सांगू शकणाऱ्या आज्या अजून घरोघरी आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, रत्नागिरी