फुकेत नको, बाली

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई "राहू दे गं" म्हणते आणि बाबा लगेच फोन आईकडे देतात. म्हणून सविस्तर लिहितेय. दुपारची जेवणं आटोपली की दोघांनी एकत्र बसून वाचा. मध्येच थांबून मला फोन करू नका, शेवटपर्यंत वाचा.

लिमयेकाकांच्या ग्रुपबरोबर तुम्ही मेअखेरीस थायलंडला, फुकेत-क्राबीला जायचं नाहीये. मेच्या मध्याला तुम्ही सिंगापूरला माझ्याकडे यायचं, आणि ३० मेला मुलांना सुट्टी लागली की आपण सहाही जण बालीला जायचं. तिकिटं काढून झाली आहेत. मृग लागायच्या आत आई चिपळूणच्या घरी असेल, तेही बघूनच तारखा धरल्यात.

लिमयेकाकूंना काय सांगायचं, हे आईच्या मनात पहिलं आलं असणार. त्यांना मी स्वतः फोन करते. "लेकीने हट्ट केला" एवढंच म्हणा, बाकी माझ्यावर ढकला. टूरचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळतील तेवढे मिळतील, त्यावरून बाबांनी जिवाला लावून घ्यायचं नाही.

तुम्हाला न विचारता ठरवलं, याची टोचणी मला आहे. तुम्ही दोघांनी किती दिवसांनी स्वतःहून कुठे जायचं मनावर घेतलं होतं! आई तर पिशव्यांपर्यंत पोचली होती. पण विचारलं असतं तर "तुमचं तुम्ही जा, आमचं काय" झालं असतं, आत्याच्या वेळी झालं तसं. आणि मग तुम्ही फुकेतला गेला असतात आणि मी इथे रोज रात्री तिथलं हवामान बघत बसले असते.

बाबा, कारण तुम्हाला सांगते, कारण नियम तुमचाच आहे. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला पाय लावायचा नाही, हे गुहागरच्या वाळूत उभं राहून तुम्हीच शिकवलंत. फुकेत आणि क्राबी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत, अंदमान समुद्राकडे तोंड करून. आपल्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जो पाऊस उतरतो, तोच मोसमी वारा त्याच्या दोन-तीन आठवडे आधी अंदमानात पोचतो. म्हणजे आपल्या मृगाची जी हवा, ती तिकडे मेच्या उत्तरार्धातच. रोज दिवसभर पाऊस कोसळेल असं नाही, एखादी सकाळ लख्खही निघते. पण समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात. जवळची सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच ठेवतात. टूरचा दर एवढा उतरलेला का होता, ते आलं ना लक्षात? नोव्हेंबर ते एप्रिलमधलं कुठलंही बुकिंग असतं तर मी एक शब्द बोलले नसते. तेव्हा तिथलं पाणी शांत, स्वच्छ, आणि मुंबईहून फुकेतला थेट विमान. थायलंडमध्ये वाईट काही नाही, महिना वाईट आहे.

दुसरं म्हणजे ती स्पीडबोट. फी फी बेटांची सहल टूरच्या कागदावर दुसऱ्याच दिवशी होती. लाटेवर चढायचं आणि धाडकन खाली आपटायचं, असा तो प्रवास. पाठीचं दुखणं असेल तर बसू नका, असं बोटवाले स्वतः सांगतात. डॉक्टरांनी बाबांना रिक्षातसुद्धा मागे टेकून बसायला सांगितलंय. आणि क्राबीच्या त्या लाकडी लांब बोटी बहुतेक ठिकाणी धक्क्याला लागत नाहीत. मांडीभर पाण्यातून चालत जायचं आणि शिडीने वर चढायचं. आई, तुझे गुडघे आपल्या गच्चीचा जिना चढताना काय बोलतात ते मला माहीत आहे. तू तिथे कुणाला सांगितलंही नसतंस. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला गाडीत, आणि सगळ्यांच्या पुढे राहायला जाऊन रात्री पाय चोळत बसली असतीस.

बाली हे इंडोनेशियाचं बेट, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. मेपासून ऑस्ट्रेलियाकडून कोरडा वारा सुरू होतो आणि हवा हलकी होते. आपण घामाने निथळत असतो तेव्हा तिथे संध्याकाळी अंगाला वारा लागतो. थायलंडच्या पूर्वेकडचं कोह सामुई बेटही मेमध्ये चांगलं असतं. निखिल त्याच्याच बाजूने होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तुम्ही दोघं नुसती आरामखुर्चीत पडून राहणारी माणसं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा "इथे बघण्यासारखं काय आहे" विचारतील, आणि बालीत त्याचं उत्तर दारातच आहे.

राहायचं सानूरला. कुटा, सेमिन्याक वगैरे जी नावं तुम्ही ऐकली असतील ती पश्चिमेची, तिथे मोठ्या लाटा आणि ओढ. सानूर पूर्वेला आहे. किनाऱ्यापासून आत प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावरच फुटतात आणि अलीकडे पाणी संथ राहतं. भरतीला कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभं राहता येतं, ओहोटीला पाणी पार दूर जातं. कडेने कित्येक किलोमीटर फरसबंद रस्ता, एकही गाडी नाही, झाडांची सावली, दर थोड्या अंतरावर बसायला जागा. बाबांचा सकाळचा फेरफटका चुकणार नाही. आणि आपण आयुष्यभर समुद्रात सूर्य बुडतानाच पाहिला. इथे तो समुद्रातून वर येतो. हवा स्वच्छ असेल तर आगुंग पर्वतही दिसतो. मासेमाऱ्यांच्या होड्यांना दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या उलांड्या आणि पुढे रंगवलेले डोळे.

तुम्ही मला पोहायला शिकवलंत ते आठवतं का, बाबा? पाठीखाली एक तळवा धरून "सोडला नाही हं, सोडला नाही" म्हणत होतात. कानात पाणी गेल्यामुळे तुमचा आवाज लांबून यायचा. आई सुरूच्या बनात पंचा मांडीवर घेऊन बसलेली, आणि मी बाहेर आले की डोकं असं खसाखसा पुसायची की कान लाल व्हायचे. ओवीला अजून पाण्यावर तरंगता येत नाही. क्लोरीनच्या तलावात शिकवणाऱ्यांनी शिकवून पाहिलं, ती अंग सोडतच नाही. ते काम मी तुमच्यासाठी ठेवलंय. वाकायचं नाही, पाणी छातीपर्यंत असलं की वाकावं लागतच नाही.

आणि बाबा, सानूरमध्येच, आपल्या हॉटेलपासून जवळ, ब्लांजोंगच्या देवळात एक शिलास्तंभ आहे. श्री केसरी वर्मदेव राजाचा, शके ८३५ चा, म्हणजे इसवी ९१४ चा मानतात. काही मजकूर संस्कृतात, काही जुन्या बाली भाषेत. लिप्याही दोन, एक नागरीच्या कुळातली आणि एक तिथली. अक्षरं झिजली आहेत, काचेआड ठेवलंय, पण तुम्ही त्याच्यासमोर तासभर काढाल हे मला आत्ताच दिसतंय. शक तिथे अजून चालू आहे. यंदा आपला पाडवा आणि त्यांचं न्येपी, म्हणजे त्यांचा वर्षारंभ, एकाच दिवशी आले होते, १९ मार्चला, आणि शक दोघांचाही १९४८. फरक एवढाच की त्या दिवशी ते लोक दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो. त्रिसंध्या करतात, सुरुवात गायत्री मंत्राने. उच्चार वेगळे ऐकू येतील, तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका.

आई, तुझ्यासाठी. तिथे रोज सकाळी बायका नारळाच्या पानाच्या छोट्या चौकोनी द्रोणात फुलं, थोडा भात आणि उदबत्ती घालून दारात, दुकानाच्या पायरीवर, रस्त्याच्या कडेला ठेवतात. चालताना पायाखाली बघून चाल, ओलांडायचं नसतं. ३१ मेला पौर्णिमा आहे, त्या दिवशी देवळांत विशेष पूजा असते, संध्याकाळी जाऊ. तंपाकसिरिंगला तीर्थाचं कुंड आहे, दगडी तोंडांतून झऱ्याचं पाणी पडतं. एक दिवस गाडी करून तिथे. देवळात जाताना कमरेला वस्त्र आणि शेला गुंडाळावा लागतो, तो तिथेच मिळतो. पायऱ्यांची मोठी देवळं मी मुद्दाम काढून टाकलीत. गलुंगानचा सण १७ जूनला आहे, घरोघरी दारात उंच बांबू शृंगारून उभे करतात. तेवढं मात्र हुकेल, तोवर तू घरी असशील.

खोली तळमजल्यावर घेतलीय. बागेतून सरळ आत, एकही पायरी नाही. संडास कमोडचा, फवारा आहे. किटली आहे. चहाची पावडर आणि सुंठ आण, आलं तिथे ढिगाने मिळतं. छोटा ओटा आहे, मऊभात-मेतकूट खोलीतच होईल. बाहेरच्या जेवणात मात्र विचारून खायचं. बालीत डुकराचं मांस सर्रास खातात, आणि चटणीत सुकटीसारखा कोळंबीचा मसाला असतो, भाजीला लावलेलाही कळत नाही. पण शेंगदाण्याच्या रसातल्या भाज्या, नारळ घातलेली पालेभाजी, टोफू, काळ्या तांदळाची गूळ-नारळाची खीर, हे तुला रुचेल. मँगोस्टीनसाठी थायलंडच चांगलं, मे तिथला त्याचा हंगाम. आपल्या कोकमाचाच भाऊबंद तो, सिंगापूरच्या बाजारातून आणून खाऊ घालीन.

खर्चाचं. व्हिसा तिथल्या पाच लाख रुपियांचा, घाबरू नका, आपले तीन हजारांच्या आत. बेटाचा प्रवासी कर दीड लाख रुपिया, तो आणखी कमी. सगळे फॉर्म मी इथून भरते. एफडीला हात लावलात तर मी खरंच रागवेन. तुम्ही माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळी काय मोडलं होतंत ते मला खूप नंतर कळलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

ज्वालामुखीचं वाचून आईला झोप लागणार नाही, म्हणून सांगून टाकते. हो, आगुंग जागा ज्वालामुखी आहे. २०१७ मध्ये त्याच्या राखेमुळे विमानं काही दिवस बंद होती. सानूर त्याच्यापासून लांब आहे, आणि विमान रद्द झालं तर काय करायचं याचा विमा काढलाय. एखाद-दोन दिवस अडकलोच तर एकत्र अडकू. तेच तुम्ही दोघं फुकेतला आणि मी इथे, हे मला सहन झालं नसतं.

आता नीट ऐका.

बाबांचा पासपोर्ट काढून बघा, सहा महिने मुदत हवी, आणि फोटो मला आजच पाठवा. मुंबईला आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय. "मी काय म्हातारा झालोय का" हे म्हणायचं नाही. ती रांगेतून लवकर सुटण्यासाठी आहे, चालता येत नाही म्हणून नाही. विमानात पायमोजे घाला, दर तासाला उठा. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. घड्याळ अडीच तास पुढे जाईल, तेव्हा बीपीच्या गोळीची वेळ मी ठरवून देईन, तुमचं तुम्ही गणित करू नका. बालीत नळाचं पाणी प्यायचं नाही, चूळ भरायलासुद्धा बाटलीतलं. डासांचं मलम संध्याकाळी दोघांनीही लावायचं. बाबा, तिथल्या कुत्र्यांना बिस्किटं घालायला जायचं नाही. बालीत रेबीज आहे, माकडांच्याही जवळ नको. नाराज होऊ नका, परत आल्यावर गल्लीतल्या काळ्याला दुप्पट घाला.

आई, मसाल्याचे डबे दोनच. यंदा अधिक महिना आलाय, जावयाचं वाण तू आणणारच. आण, मी अडवत नाही. पण अनारशांना खसखस लावू नकोस, एक दाणाही नको. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, ती अफूच्या खात्यात धरतात आणि विमानतळावर पकडतात. साधे, तुपातले, तेहेतीस मोजून आण. निखिलला तसेच आवडतील, आणि नाही आवडले तर मी आहेच.

दादाला हे पत्र दाखवा, त्याला काही म्हणायचं असेल तर मला म्हणू दे. तुमच्या मनात काही राहिलं असेल, फुकेतला जायचंच होतं असं वाटत असेल, तर तेही सांगा. जानेवारीत मी स्वतः लिमयेकाका-काकूंसह तुम्हाला घेऊन जाते, शब्द देते. पण या मेमध्ये माझ्याजवळ या.

तुमची,
बाळी

ता. क. बाबांच्या चष्म्याला दोरी घेऊन ठेव आई, आणि जुना चष्माही बरोबर आण. बालीतली माकडं चष्मे पळवतात.