चौथा कोपरा

सप्रेम नमस्कार काकू,

तोंडावर आभार मानायला आलो तर तुम्ही "पुरे रे" म्हणून दार लावून घ्याल, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आधी कबुली. तुमच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर जे मातकट ओघळ आले, ते माझ्याच कुंड्यांचे. तेही एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तुम्ही जिना चढून वर आलात तेव्हा मी भांडायच्या तयारीत उभा होतो. चूक स्वतःची असली की माणूस जरा जास्तच तयारीत असतो.

तोवर कुंड्यांखाली पाणी धरायला केलेले माझे दोन ट्रे वाया गेले होते. पहिला पुठ्ठ्याच्या खोक्याचा, आतून पॉलिथिनच्या पिशव्यांचं अस्तर. चिकटपट्टी ओलीला टिकली नाही, पुठ्ठा फुगला आणि पोट सुटल्यासारखा मधोमध लोंबला. दुसरा ट्रे एका जाणकारांच्या हवाली केला. त्यांनी प्लायच्या पाटावर तसंच पॉलिथिन पसरून सांध्यांवर सिलिकॉन फासलं आणि "आता थेंब गळणार नाही" असं छातीठोकपणे सांगून गेले. पॉलिथिनला सिलिकॉन धरतच नाही. सुकलेली पट्टी नखाने उचलली तर कात टाकावी तशी अख्खी निघून आली. त्यांना सांगितलं, तर म्हणे, तुम्हीच पाणी जास्त घालता! आणखी एक सद्गृहस्थ नुसते हसले. "अहो, विकत आणा की." विकत मिळतो हे मलाही ठाऊक होतं. पण माळ्यावर मोडक्या टेबलाचा खण आणि घडी घातलेला जुना फ्लेक्स धूळ खात पडलेला असताना घरात आणखी एक नवं प्लॅस्टिक आणायचं जिवावर आलं होतं.

त्याच खणात फ्लेक्स बसवून मी तिसरा ट्रे केला होता, आणि तोही गळला.

तुम्ही आत आलात. चादरीचा विषयसुद्धा काढला नाहीत. कुंड्या बाजूला करायला लावल्या, ट्रे रिकामा करून पालथा घातला, पदराला बोट पुसून कोरडं केलं आणि ते कडेकडेने फिरवत गेलात. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी बोट ओलं झालं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तुम्ही म्हणालात, "तीन कोपरे छान जमलेत तुला. हा एकच रुसलाय."

काकू, एवढंच. या एवढ्यासाठी हे पत्र. तोवर प्रत्येकाने मला काय गळतंय तेच दाखवलं होतं. काय गळत नाहीये, हे कोणी बोट लावून पाहिलंच नव्हतं. आणि तुम्ही पाहिलंत, तेही चादर तुमची खराब झालेली असताना! ज्याचं नुकसान झालंय तोच जेव्हा आधी आपलं जमलेलं मोजतो, तेव्हा पाठ केलेली सगळी उत्तरं घशातच राहतात. चांगुलपणा म्हणजे काही फार मोठं करावं लागतं असं मला उगीच वाटायचं.

मग मात्र ओरडलातच. "पण कोपरे कापलेस कशाला?" इतकी वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला ते बघवणार कसं! फ्लेक्स म्हणजे धाग्यांची जाळी, दोन्ही अंगांनी पीव्हीसीचा थर. वरून पाणी शिरत नाही, पण कात्री लागली की धाग्यांची टोकं उघडी पडतात आणि दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढतात. म्हणून कापायचं नाही, कोपरा पाकिटासारखा दुमडायचा. कापलेली कड पाण्याच्या वर ठेवायची. टाका घालायचाच तर अगदी काठाला, कारण सुई जाते तिथे भोक राहतंच.

दुमडलं मीच. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहिलात, मी दोनदा चुकलो तरी ते सोडले नाहीत. 60 बाय 40 सेंटीमीटरचा खण, त्यात 2 सेंटीमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ 5 किलो. खणाचा तळ तेवढं तोलेल का, हेही तुम्हीच विचारलंत आणि खाली दोन पट्ट्या ठोकून घेतल्यात. खाली जाऊन वर्तमानपत्र आणलंत, ट्रेखाली पसरलंत. "रात्रभर राहू दे. कागद खोटं बोलत नाही."

ते वर्तमानपत्र परत द्यायचं राहून गेलंय, आज संध्याकाळी आणून देतो. ठणठणीत कोरडं आहे. मागच्या पानावर तुमचं शब्दकोडं अर्धवट होतं, त्यातले तीन उभे शब्द मी भरलेत. पेन्सिलीने भरलेत, चुकले असतील तर खोडा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा